निर्जंतुक पाणी

स्वरूपाने सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलले आणि खुर्ची मागे सरकवली.

"मॅडम, परत तसंच."

अलकनंदा मॅडम वाकून पाहू लागल्या. दिल्लीजवळच्या मानेसरमधल्या या प्रयोगशाळेत त्यांचा शब्द शेवटचा. समोर उंदराच्या प्रतिकारपेशी होत्या. पेशीच्या केंद्रकात शिरून सुजेची जनुकं चालू करणारं प्रथिन हिरवं चमकत होतं. आपण शोधलेलं एक छोटं प्रथिन त्याला केंद्रकातून बाहेर काढतं आणि सूज निवते, हा स्वरूपाचा प्रबंध. इथे ते छोटं प्रथिन शाबूत होतं, पेशींना कुणी डिवचलंही नव्हतं, तरी एकूण एक केंद्रक हिरवंगार.

"छापून आलेला पेपर मागे घ्यावा लागेल," मॅडम म्हणाल्या. "आणि तुझी पीएचडी... बघू, यार."

घाबरल्याशिवाय मॅडम कुणाला यार म्हणत नसत.

तिला एक शंका होती, पण ती बोलायची कशी? भावाच्या लग्नासाठी ती दिल्लीत द्वारकेला गेली, तेव्हा पेशींची देखभाल मॅडमनीच केली होती.

"मॅडम, काल इंजेक्शनसाठी मिळतं त्या अतिशुद्ध पाण्यात पेशी वाढवायचं नवं द्रावण केलं. थोड्या पेशी त्यात वाढवल्यात. बघता?"

दुसरी काचपट्टी लावली. केंद्रकं काळीशार, हिरवा रंग बाहेर, शांत. मॅडमनी पुन्हा पाहिलं, मग चष्मा पुसून आणखी एकदा.

"आधीचं पाणी कुठलं होतं?"

स्वरूपाने फ्रिजमधली बाटली पुढे केली. तिच्यावर मॅडमचंच गोल अक्षर होतं.

"साधं पाणी मी ऑटोक्लेव्हच्या दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून भरलं," मॅडम सावकाश म्हणाल्या. "जिवाणू मेले, पण त्यांची टरफलं पाण्यातच राहिली. ह्या पेशी तेवढ्यानंही भडकतात. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी मी हेच सांगते." त्यांनी वर पाहिलं. "तुला कळलं होतं?"

"शंका होती."

स्वरूपाने अंग चोरलं. आता काय ऐकावं लागणार, कोण जाणे.

मॅडम स्टुलावर मटकन बसल्या आणि हसत सुटल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. स्वरूपाच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं, तिलाही हसू आवरेना.

"अगं, तुझं प्रथिन खरं आहे! चूक माझी, बिल्कुल माझी!"

एवढा गलका कसला म्हणून शेजारच्या प्रयोगशाळेतल्या दोघांनी दारातून डोकावलं. मॅडमनी त्यांना हात करून आत बोलावलं.

"आओ, आओ! सुनो, गलती मेरी थी!"