दोन गंगाजळ्या

“फोडायची म्हणजे फोडायची! आणखी किती दिवस वाट बघत बसणार आहात?” सुरुचीने कणकेच्या परातीत मूठ आपटली.

“हळू बोल,” नीलकंठ म्हणाला. “चार दिवस बघू. वर येईल.”

“आणि नाही आलं तर? डॉक्टरांनी महिन्याची मुदत दिली होती. त्यातले अर्धे दिवस तुमच्या ‘चार दिवस बघू’मध्येच गेले.”

“अगं, आत्ता गंगाजळी फोडली की हाती काय राहील? शेवटची आहे ती. एकदा फोडली की संपलं सगळं.”

“मग शेवट होईपर्यंत थांबायचंय का?”

नीलकंठने पडद्याकडे बोट दाखवून तिला गप्प केलं. पडद्यापलीकडच्या खाटेवर त्याची आई, शरदिनीबाई, भिंतीकडे तोंड करून निजली होती. निदान त्याला तरी तसं वाटलं.

आता या घरातली गंगाजळी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचा घोटाळा कळायचा नाही. मुलगी ईशानी पहिलीत गेली तेव्हापासून नीलकंठ दर महिन्याला थोडे पैसे म्युच्युअल फंडात टाकत होता. दिवाळीला नवा शर्ट शिवला नाही, पण हप्ता चुकवला नाही. घरात त्या पैशांना कोणी फंड म्हणत नसे. मराठी वर्तमानपत्रं देशाच्या परकीय चलनाच्या साठ्याला गंगाजळी म्हणतात, ते वाचून नीलकंठने आपल्या चिमूटभर साठ्यालाही तेच भारदस्त नाव देऊन टाकलं होतं. त्याच्या ऑफिसातल्या बनारसी मंडळींना हे कळलं असतं तर त्यांनी खुळ्यात काढलं असतं. “अरे भइया, गंगाजली तो लोटे में होती है!”

आणि ते काही चूक नव्हतं, कारण तशीही एक गंगाजळी या घरात होती. देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या मागे, तांब्याचा एक लहानसा गडू होता. त्याचं तोंड झाळून बंद केलेलं. शरदिनीबाईंच्या आजोबांनी काशीयात्रेहून तो भरून वाईला नेला होता, आणि नात लग्न होऊन काशीलाच निघाली तेव्हा तिच्या ओटीत घातला होता. मंगला गौरीच्या गल्लीतल्या मराठी बायका तेव्हा पदरात तोंड खुपसून हसल्या. काशीला गंगा घेऊन आलेली सून! शरदिनीबाई ठणकावून सांगत, “तुमची गंगा सासरची. ही माझी माहेरची आहे. माझ्या अखेरच्या घोटाला हीच फोडायची.”

तेव्हा पडद्याआडून “गंगाजळी फोडा” आणि “चार दिवस बघू” हे ऐकून त्या बाईंनी काय अर्थ घेतला असेल, तो घ्या.

आपल्या आजाराचं त्यांना नीट ठाऊकच नव्हतं. हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्यात, बायपास करावी लागेल, हे मुलाने त्यांच्यापासून लपवलं होतं. खर्चाचा आकडा ऐकून “मला नको ते ऑपरेशन” म्हणून हटून बसतील याची त्याला खात्री होती. म्हणून, गोळ्यांनी बरं वाटेल, पडून राहा, एवढंच सांगितलेलं.

नीलकंठ एका गालिच्यांच्या निर्यात कंपनीत डिस्पॅच क्लार्क होता. गालिचे बांधून, कागद जोडून अमेरिकेला रवाना करायचे, यातच त्याचे केस पिकले. अमेरिकेने कर चढवला आणि गालिचे गोदामातच लोळायला लागले. मालकांनी कोणाला काढलं नाही, हे त्यांचे उपकार. पगार मात्र अर्धा केला आणि म्हणाले, “दो-चार महीना देख लीजिए.” फंडाचं काम बघणारा माणूसही फोनवर तेच म्हणाला, “मार्केट नीचे है, थोड़ा देख लीजिए.” जो तो त्याला बघायलाच सांगत होता, एक डॉक्टर सोडून.

इकडे दूध महागलं, सिलिंडर महागला, ईशानीच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची फी येऊन पडली, आणि नेमकी आईच्या छातीत कळ आली. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय! सरकारी रुग्णालयात नंबर लागायला तीन महिने. खासगीत सव्वातीन लाख. सत्तरी ओलांडली की सरकारी कार्डावर सगळं फुकट झालं असतं, पण आईच्या सत्तरीला अजून चौदा महिने होते. आई तरुण असल्याचा असा तोटा नीलकंठने कुठे पाहिला नव्हता.

आणि फंड रोज घसरत होता. चार लाखांचे साडेतीन झाले, आणखी घसरले तर ऑपरेशनलाही पुरणार नव्हते. आंघोळीला जाताना तो फोन बघायचा, आंघोळ करून आला की पुन्हा बघायचा, जणू दोन तांबे अंगावर घेईपर्यंत अमेरिकेचं मन वळणार होतं. जे गेलं होतं ती ईशानीची फी होती. थोडं वर आलं तर ऑपरेशनही होईल आणि फीही निघेल, एवढ्या आशेवर तो एकेक दिवस ढकलत होता.

खरं सांगायचं तर तो भ्यायला होता. आई जाईल म्हणून भ्यायला होता, आणि आई राहिली तर रिकाम्या हातांनी पुढे घर कसं चालवायचं, यालाही भ्यायला होता. ही दुसरी भीती मनात आली की त्याला स्वतःची किळस येई.

दुसऱ्या दिवसापासून शरदिनीबाई बदलल्या. अळणी भाजीला नावं ठेवणं बंद. वाईला धाकट्या भावाला फोन लावला. वाटणीवरून त्याच्याशी कित्येक वर्षं अबोला होता, पण त्याची इतकी गोड चौकशी केली की तो बिचारा घाबरला. सुरुचीला बोलावून आपलं हिरवं इरकली लुगडं तिच्या हातात ठेवलं. ईशानीला शेजारी बसवून मेतकुटाचं प्रमाण सांगितलं. “आजी, नंतर सांग ना, अभी पढ़ना है,” असं ती म्हणाली तर “नंतर कोणी बघितलंय?” म्हणून तिलाच गप्प केलं.

“आईला बरं वाटतंय बघ,” नीलकंठ म्हणाला.

“मला लक्षण बरं दिसत नाही,” सुरुची म्हणाली.

चार दिवस सरले. फंड वर आला नाही. संध्याकाळी नीलकंठ घरी आला, चपला काढतोय तोच आईने हाक मारली.

“नीलू, इथे बस. ती गंगाजळी फोडून टाक आता.”

नीलकंठच्या तोंडचं पाणी पळालं. “तुला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? पडदा आहे तो, भिंत नाही. सुरुचीचं बरोबर आहे. तूच मागे-पुढे करतोयस.”

“आई, थोडे दिवस थांबलो तर—”

“किती थांबशील? तुझ्या बाबांच्या वेळी काय झालं? सगळं होतं घरात, पण वेळेला काही हाताशी आलं नाही. ज्याच्यासाठी ठेवली त्याच्या उपयोगी पडू दे की. आणि मी शुद्धीत आहे तोवर फोड. नंतर फोडलीस तर मला काय कळणार?”

नीलकंठला खरं वाटेना. आईला सगळं ठाऊक आहे, आणि तरी ती भांडत नाहीये, नको म्हणत नाहीये!

“ठेवून ठेवून ती आटतेच रे,” शरदिनीबाई हळूच म्हणाल्या. “मला विचार.”

आईने उभ्या जन्मात बँकेची पायरी चढली नव्हती. पण टीव्हीवरच्या कोट घातलेल्या एकाही पंडिताने त्याला इतकं धड सांगितलं नव्हतं. तो उठला तो तडक स्वयंपाकघरात गेला.

“ईशानी, फोनवर ते फंडाचं लाव. सगळे काढायचे.”

“पक्का ना, बाबा? एक बार हो गया तो वापस नहीं होगा.”

“लाव.”

सुरुची हातातला झारा तसाच धरून बघत राहिली. ओटीपी आला. ईशानीने विचारलं, “सगळे?” तो म्हणाला, “सगळे.” तिने बटण दाबलं. शेगडीवरचं दूध वर यायच्या आत पंधरा वर्षांचं काम आटोपलं.

नीलकंठ आईच्या पायथ्याशी येऊन बसला. “फोडली, आई.”

शरदिनीबाईंनी देव्हाऱ्याकडे मान वळवली. “कुठे? ती तर आहे तिथेच.”

“ती नाही गं. आपली, फंडाची गंगाजळी. पैशांची.”

“पैशांची?”

“तुझ्या ऑपरेशनला. बायपासला. तूच म्हणालीस ना फोड म्हणून!”

शरदिनीबाई कोपरावर जोर देऊन अर्धवट उठल्या.

“म्हणजे मी मरत नाहीये?”

“कोण म्हणालं तू मरतेयस?”

“तूच! चार दिवस बघू म्हणालास! संपलं सगळं म्हणालास! अरे मेल्या, मी चार दिवस मरायची तयारी करतेय इथे!” आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. “वाईच्या त्या भामट्याशी इतकं गोड बोलले, आता ते परत कसं घेऊ? आणि माझं इरकली?”

“ते मी नाही देणार परत,” सुरुची दारातून म्हणाली. ती हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती. “हसू नका आई एवढं, छातीला त्रास होईल.”

हसू ओसरलं. शरदिनीबाईंनी उशीला टेकून विचारलं, “सगळे काढलेस?”

“सगळे.”

“ईशानीची फी?”

“बघू,” नीलकंठ म्हणाला.

तो वाट बघत होता, आई आता नको म्हणेल, परत ठेव म्हणेल. पण त्या म्हणाल्या, “माझी ती आण इकडे.”

“कशाला आई?”

“आण म्हणते ना. तू तुझी फोडलीस, मग माझी कशाला राखायची? पेचकस घे.”

त्याने गडूच्या तोंडावरच्या झाळणीत पेचकस घालून वर ठोकलं. दोन-तीन ठोक्यांत झाकण निघालं. ईशानीने वाटी पुढे धरली. नीलकंठने गडू कलवला, मग पालथा केला, मग बुडावर थाप मारली. वाटीत पांढऱ्या क्षाराची चिमूट पडली. पाणी नव्हतं.

“आजी, इसमें तो कुछ है ही नहीं.”

“वाटलंच होतं,” शरदिनीबाई म्हणाल्या. “दर दिवाळीला चिंच लावून घासायला घेतली की आदल्या सालापेक्षा हलकी लागायची. हलवून बघायचा धीर नाही झाला कधी.”

“मग इतकी वर्षं कशाला ठेवलीस?”

“आहे म्हटलं की बरं वाटतं रे.”

सुरुचीने ती चिमूट नेऊन तुळशीत घातली.

ऑपरेशनच्या सकाळी रिपोर्टांच्या पिशवीत शरदिनीबाईंनी तो गडूही टाकायला लावला. रुग्णालयाच्या दालनात टीव्ही चालू होता. बाजार उसळला होता, खाली हिरवे आकडे पळत होते. सुरुचीने बघितलं, नीलकंठने बघितलं, मग दोघं टीव्हीकडे पाठ करून बसली. नर्सने आईच्या बांगड्या उतरवून सुरुचीच्या हातात दिल्या. माणसं स्ट्रेचर ढकलायला लागली तशी आईने मान उचलली.

“नीलू, गडू भरून ठेव हं. बाहेर आले की तहान लागेल मला. पहिला घोट त्यातलाच.”

“आई, इथे नळाचं पाणी आहे गं.”

“मग? काशीच्या नळाला काय यमुना येते?”

दार मिटलं. नीलकंठने नळाखाली गडू तीनदा विसळला आणि काठोकाठ भरला. बाकावर ठेवायला गेला तर तो कलंडायला लागला. बूड गोल होतं, देव्हाऱ्यात त्याच्याखाली तांब्याचं कडं असायचं, ते घरीच राहिलं होतं.

“पाँच-छह घंटा लगेगा, बाबूजी,” दारावरचा रखवालदार म्हणाला. “आराम से बैठिए. लोटा नीचे रख दीजिए.”

“नहीं रहता,” नीलकंठ म्हणाला. गडू दोन्ही हातांत धरून तो बाकाच्या कडेला ताठ बसला, पाणी सांडू नये म्हणून.