हिरव्यात गुलाबी

मिस्त्रीने व्हॅनचं बॉनेट उचललं, इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीत डोकावून पाहिलं आणि भुवया उंचावल्या.

"वहिनी, ही तर काठोकाठ भरलीय. आणि तुम्ही म्हणता गळते!"

"गळते म्हणजे गळतेच," बेकरीवाली म्हणाली. "पण जरा हळू बोला. ह्यांच्या कानावर जायला नको."

'हे' तीन गल्ल्या पलीकडे भट्टीपाशी होते, तेव्हा कानावर जायचा प्रश्नच नव्हता. तरी ती दबक्या आवाजातच बोलत होती, आणि त्याला कारण तिचंच तोंड. दोन महिन्यांपूर्वी ही व्हॅन भर रस्त्यात वाफा सोडत थांबली, दुकानांचे पाव ट्रेमध्ये सुकून गेले आणि बाई संतापून बोलून बसली, "आता परत थांबली ना, तर सरळ भंगारात घाला हिला!" नवरा एवढंच म्हणाला, "ठरलं." आणि हा माणूस एकदा ठरलं म्हणाला की विषय संपला. लग्नसुद्धा त्याने ह्या एका शब्दातच उरकलं होतं.

राग काय, दुसऱ्या दिवशी ओसरला. लेक रांगत होती तेव्हापासूनची ही गाडी. मागे पिठाच्या पोत्यावर ती पोर गाढ झोपायची. ही भंगारात? पण शब्द तोंडातून गेला तो गेला. मग एक दिवस गाडीखाली ओला डाग दिसला. तेव्हापासून दुपारी नवऱ्याचा डोळा लागला की बाई मांजराच्या पावलांनी जाऊन टाकीत कूलंट ओतून येत होती. त्यात नवऱ्याचं एक नवीनच सुरू झालं होतं. पहाटे बॉनेट उघडून तो कितीतरी वेळ गाडीपाशी उभा असायचा. किती किलो लोखंड निघेल ह्याचा अंदाज घेत असणार, असं वाटून तिचा जीव कासावीस व्हायचा.

मिस्त्रीने इंजिन फडक्याने कोरडं केलं, रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवला आणि हवेचा दाब भरला. "आता दोन मिनिटं गप्प," तो म्हणाला. पंपावरचा काटा हळूहळू खाली सरकू लागला. मिस्त्री टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला. रबरी पाइपाला एक बारीक चीर गेली होती, ती नेमकी क्लिपच्या आड. तिथे एक थेंब फुगत होता. तो त्याने बोटावर टिपून उजेडात आणला.

"वहिनी, तुम्ही कोणतं घालता?"

"हिरवं."

"मग हे चहासारखं कसं? हिरव्यात गुलाबी पडल्याशिवाय असला रंग येत नाही."

"गुलाबी मी आणलेलंच नाही हो!"

"तुम्ही नसेल आणलं. पण कुणीतरी घालतंय, आणि चांगलं पोटभर घालतंय. दोघांनी मिळून बिचारीचं पोट बिघडवलंत."

बाई मटकन स्टुलावर बसली आणि पिठाचे हात तोंडावर घेऊन खो खो हसायला लागली. डोळ्यांतून पाणी यायचं थांबेना.

"अगं बाई! पहाटे ते हे करत होते! आणि मी म्हणतेय, लोखंडाचं वजन करतायत!"

मिस्त्रीने पाइप बदलला, नवी क्लिप आवळली, स्वच्छ पाणी येईपर्यंत सगळं धुऊन काढलं. पुन्हा दाब भरला, तर काटा जागचा हलेना.

"आता एकच रंग. कोणता घालू?"

"गुलाबी," ती म्हणाली. "ह्यांचा."

दुसऱ्या दिवशी पहाटे, पाव भरून झाल्यावर, नवरा नेहमीसारखा बाहेर पडला. स्वेटरखाली कूलंटचा डबा. त्याने बॉनेट उघडलं, टाकीत वाकून पाहिलं आणि तसाच थांबला. नव्या पाइपावरून बोट फिरवलं. मागे वळला तर बायको दारात उभी.

"कधीपासून घालताय?" तिने विचारलं.

"दीड महिना झाला." तो डबा लपवायचंही विसरला. "म्हटलं, ही परत थांबली तर तू तिला ठेवायची नाहीस."

"मी? शब्द तर तुम्ही दिलात!"

"मी नुसता हो म्हणालो. तू तेव्हा अशी तापलेली, नाही म्हणायची माझी काय बिशाद?"

तिला पुन्हा हसू फुटलं. हात पुसत ती गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेली, दार उघडून त्याच्या शेजारच्या सीटवर चढून बसली. ह्या फेरीला ती कधीच जात नसे.

तो स्टिअरिंगमागे बसला, पण किल्ली हातातच राहिली.

"मग ते भंगाराचं?" त्याने चाचरत विचारलं.

"कसलं भंगार?" ती म्हणाली. "चला, पाव गार होतायत."