व्याह्यांचं रॉकेट

लेकीच्या घरी राहायला गेलेल्या बापाला सगळ्यात जास्त जाच होतो तो आदराचा. कुलूपवाल्या बाबांचं तरी तसंच झालं.

उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांची अडलेली दारं उघडून दिली होती. मग गुडघ्यांनी दगा दिला, दुकानावरच्या खोलीचा जिना चढवेना, आणि लेक येऊन त्यांना सामानासकट उचलून घेऊन गेली. जावई कामासाठी बहुतेक वेळ बाहेरगावी. घरात कायमचे दोघंच, लेक आणि तिचे सासरे, अप्पा.

अप्पा निवृत्त कंपाउंडर. माणूस सज्जन, पण सज्जनपणाचा डोस अंमळ जास्तच. बाबांनी चहाचा कप विसळायला घेतला की अप्पा तो अलगद काढून घेत. "छे छे, व्याहीबुवा! तुम्ही बसा हो." बाबांनी झाडूकडे नुसतं पाहिलं तरी, "बसा हो!" बसून बसून बाबांच्या पाठीला खुर्चीचा आकार यायची वेळ आली. लेकीला सांगायची सोय नव्हती. ती बिचारी दोन्ही म्हाताऱ्यांच्या मध्ये, भरलेलं दुधाचं पातेलं घेऊन चालावं तशी वावरत होती.

घरामागे अप्पांची बाग होती. टोमॅटो, वांगी, वेलावरच्या शेंगा, सगळं रांगेत. प्रत्येक कुंडीत काडी आणि काडीला दवाखान्याच्या बाटलीवर असते तशी चिठ्ठी: 'सकाळी एकदा. उन्हात नको.' बाबांनी एकदा धीर करून विचारलं, "आम्हालाही मिळेल का वीतभर जागा?"

"अहो, सगळी बाग तुमचीच आहे!" अप्पा म्हणाले, आणि त्यांना पाण्याच्या टाकीमागचा पट्टा दिला. तिथं सकाळी घटकाभर ऊन यायचं आणि चुकून आल्यासारखं निघून जायचं.

बाबा बियांच्या दुकानात गेले. सावलीत, थंडाव्याला काय येईल म्हणून विचारलं, तर दुकानदाराने एक पुडी पुढे केली. मोहरीच्या भाऊबंदांतला पाला, कच्चाच खायचा, मिऱ्यासारखा झणका. पुडीवर नाव छापलं होतं 'रॉकेट'.

अप्पांनी ते वाचलं आणि त्यांना जन्माचं खेळणं सापडलं.

"उडणार कधी म्हणालात?"

"आधी उगवू द्या," बाबा म्हणाले.

बी उगवलंही झटपट. टाकीमागची ओल आणि सावली त्याला मानवली. अप्पा रोज टोमॅटोला पाणी घालता घालता मान तिकडे वळवायचे. "काय, उलटी मोजणी सुरू झाली का? नाही म्हणजे, आम्ही लांब उभं राहायचं का, एवढंच विचारतोय." चेष्टा तीही आदरानेच, त्यामुळे उलटून बोलायची पंचाईत. बाबा हसायचे आणि दात आवळून माती उकरायचे.

पण पानं जरा हाताला यायला लागली आणि एका सकाळी बाबांनी पाहिलं तर त्यांची चाळण झालेली. टाचणीच्या डोक्याएवढे काळे किडे पानोपानी बसले होते. हात लावला की टुणकन उडायचे.

"चला," अप्पा मागून म्हणाले, "निदान कुणीतरी उडतंय."

बाबांना हे वर्मी लागलं. भोकं पाडणाऱ्याला बाहेर कसं ठेवायचं, हा तर त्यांच्या धंद्यातलाच प्रश्न होता. बारीक जाळी हवी. ते अडगळीच्या खोलीत शिरले आणि कपाटावर त्यांना घडी घातलेलं पांढरं, मऊ, बारीक जाळीचं कापड मिळालं. लेक फोनवर बोलत होती. तिला लांबूनच फडकवून दाखवलं, "घेऊ का?" तिने न बघताच मान डोलावली. बाबांनी कात्री चालवली. जुन्या तारा वाकवून कमानी केल्या, कापड ताणून बसवलं, कडा मातीत अशा दाबल्या की मुंगीने आत जायचं म्हटलं तर तिला किल्ली लागावी. नव्याने आलेली पानं अखंड, हिरवीगार, झालरीसारखी कातरलेली. बाबा त्यांच्याकडे बघत तिथं कितीतरी वेळ उकिडवे बसले आणि मग गुडघे धरून कसेबसे उठले.

पुढच्या आठवड्यात हवा एकदम उबदार झाली. डास निघाले. अप्पा अडगळीच्या खोलीतून हात झाडत बाहेर आले.

"सूनबाई, माझी मच्छरदाणी पाहिलीस का गं? कपाटावर होती."

बाबा तेव्हा जेवायला बसले होते. त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण पाहुण्याने यजमानाची मच्छरदाणी कापली, हे वाक्य कुठून सुरू करायचं तेच त्यांना समजेना. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. बाबांनी पाण्याच्या तांब्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी अप्पांच्या चेहऱ्यावर डासांनी अख्खा नकाशा काढला होता, बेटांसकट. नाक खाजवत ते बागेत गेले, आणि टाकीमागचं ते पांढरं कापड त्यांनी पहिल्यांदाच जवळून पाहिलं. मग आवाज आला.

"व्याही!"

नेहमीचा 'बुवा' गळून पडला होता. बाबा धावले, म्हणजे गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढे.

"ही माझी मच्छरदाणी आहे! फाडलीत? तुमच्या पाल्याला डास चावत होते का? रात्रभर मी स्वतःच्या थोबाडीत मारतोय आणि हे महाराज आत गाढ झोपलेत!"

"मला काय माहीत ती तुमची! आणि टाकीमागची जागा दिलीत ती काय प्रेमाने? तिथं शेवाळंसुद्धा विचार करून उगवतं!"

"रोज पेपर आधी तुम्ही घेता! शब्दकोडं सोडवता, तेही पेनाने! आणि चुकीचं! मी कधी बोललो?"

"बोलायचं होतं! सारखं बसा हो, बसा हो! दिवसभर बसवून ठेवायला मी काय अंड्यावरची कोंबडी आहे?"

हे ऐकून अप्पांना हसू आलं असावं, पण डासांनी सुजवलेल्या ओठाला ते जमेना. मागच्या दारात लेक उभी होती, हातातला चमचा तसाच. आधी ती घाबरली होती. मग ती दाराच्या चौकटीला टेकून इतकी हसली, इतकी हसली, की दोघंही म्हातारे भांडण सोडून तिच्याकडे बघत राहिले. ती शेवटची अशी कधी हसली होती ते बाबांना आठवेना.

"बाबा, अप्पा, चला आत," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि ज्याच्यासाठी मच्छरदाणी गेली, ते तरी आणा खुडून."

तिने पाव भाजला, अंडी उकडली, वर धुतलेली पानं पसरली. अप्पांनी पुरावा तपासावा तसं एक पान उचललं आणि तोंडात टाकलं. आधी काही नाही. मग भुवया वर गेल्या, डोळ्यांत पाणी आलं, नाकातून सुस्कारा निघाला.

"आई गं! हा पाला आहे की छातीला चोळायचं मलम?"

"नको असेल तर ठेवा," बाबा म्हणाले.

"नको कोण म्हणालं?" अप्पांनी दुसरं पान घेतलं, मग तिसरं. "आमच्या दवाखान्यात असतं तर सर्दीची अर्धी गर्दी कमी झाली असती." चौथं पान उचलत ते म्हणाले, "पेनाने लिहू नका एवढंच. चुकलं की खोडता येत नाही."

"मी चुकत नाही."

"नदीला पाच अक्षरी शब्द म्हणून काल तुम्ही काय लिहिलंत ते दाखवू का?"

त्या दिवसापासून घरात आवाज वाढला. पेपरसाठी ओढाताण व्हायची, कपावरून व्हायची, पाणी कुणी जास्त घातलं यावरून व्हायची. जावई घरी आला तेव्हा पहिल्या दिवशी त्याने बायकोला हळूच विचारलं, "यांचं बिनसलंय का?" ती म्हणाली, "नाही रे, जमलंय."

ऊन तापलं तसं रॉकेट खरोखरच उंच गेलं आणि त्याला पांढरी फुलं आली. बाबा उपटायला निघाले, तर अप्पांनीच अडवलं. बी धरू द्या म्हणाले. बी धरलं, शेंगा तडकल्या, आणि पहिल्या गारव्याला रॉकेट टाकीमागे उगवलं नाही. ते उगवलं थेट टोमॅटोच्या वाफ्यात, वांग्यांत, चिठ्ठ्या लावलेल्या कुंड्यांत, फरशीच्या फटीत.

"तुमची फौज घुसलीय माझ्या बागेत!" अप्पा ओरडले आणि खाली बसून उपटायला लागले. बाबा शेजारी येऊन बसले. उपटलेली रोपं टोपलीत टाकायची होती. टोपली काही भरली नाही, कारण एक टोपलीत तर दोन तोंडात, असा अप्पांचा हिशोब होता, आणि मधूनमधून ते नाक ओढत शिव्याही देत होते.