खिसे भरण्याची खूण

माझे हात सकाळी बोबडे बोलतात. डॉक्टर याला सांध्यांचा ताठरपणा म्हणतात, पण त्यांना खुणांची भाषा येत नाही, त्यामुळे बोबडं आणि स्पष्ट यातला फरक त्यांना कसा कळणार? मी कर्णबधिरांसाठी दुभाष्याचं काम करते. शरीरात इतके सांधे असताना संधिवाताने नेमके बोटांचेच निवडले, तेही कामात चांगलं नाव झाल्यावर. आजाराला विनोदबुद्धी असते, असं तेव्हापासून माझं मत आहे.

ही भाषा मी सासूबाईंकडून शिकले. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. लग्नानंतर आमचं पहिलं भांडण झालं तेव्हा मला धड उत्तर देता येईना, म्हणून ईर्षेने शिकले. त्या वरच्या मजल्यावर धाकट्या मुलाकडे, म्हणजे माझ्या दिराकडे राहतात आणि आम्ही खाली. साथ आली, आणि माझी औषधं प्रतिकारशक्ती दाबणारी, म्हणून डॉक्टरांनी मला सगळ्यांपासून लांब राहायला सांगितलं. मग सासूबाई वर बाल्कनीत आणि मी खाली अंगणात, अशा आमच्या गप्पा चालायच्या. गल्लीतल्या सगळ्यांचे आवाज मास्कमध्ये घुसमटत होते. आम्ही मात्र समोरच्या शेजारणीची यथेच्छ निंदा करत होतो, आणि ती बिचारी खिडकीतून कौतुकाने बघत होती.

या भाषेत ओळखीच्या प्रत्येक माणसाला नावाची खूण असते. माझी खूण म्हणजे नाकाच्या शेंड्यावर बोट. राग तिथेच बसलेला असतो, असं सासूबाईंचं निरीक्षण. भावजींची खूण म्हणजे दोन्ही तळव्यांनी खिसे भरायचे आणि वरून थोपटायचे. लहानपणी ते पाहुण्यांच्या बशीतली बिस्किटं खिशात कोंबत, तेव्हा आईने ठेवलेलं नाव. पुढे भावजींना टक्कल पडलं, पण नाव काही बदललं नाही.

त्यातच कुणीतरी पुडी सोडली, की माझी सांध्यांची गोळी साथीवरही चालते. बघता बघता ती बाजारातून गायब झाली. औषधवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, शेवटची सगळी पाकिटं तुमच्या दिरांनीच नेली की. म्हणाले, वहिनींना लागतात."

मी लगेच भावजींना फोन लावला.

"मी? गोळ्या? छे हो, वहिनी. त्याचा काहीतरी गोंधळ झाला असेल. तुम्ही गरम पाण्याने शेका ना."

त्यांनी असे हात वर केले. मला माझे वर करता येत नव्हते, कारण तोवर खांदाही धरला होता. नवऱ्याने भावाला फोन केला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि ठेवून दिला. "घरात चुगल्या नकोत," तो मला म्हणाला. "आईला त्रास होईल." घरात चुगली करणार नाही, असं मी कबूल केलं. घरात.

गोळ्या संपल्या आणि बोटं फुगली. एके दिवशी सासूबाईंनी बाल्कनीतून विचारलं, "जेवलीस का?" मी उत्तर दिलं, ते त्यांना कळलं नाही. परत दिलं, तरी कळलं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी परक्या माणसासमोर हलवतात तशी नुसती मान हलवली. ती मान मला फार लागली. आत येऊन मी रडले. काम गेलं असतं तर दुसरं शोधलं असतं, पण सासूबाईंशी बोलायला दुसरे हात कुठून आणणार?

रोज संध्याकाळी टीव्हीवर आरोग्य अधिकारी साथीची माहिती देत आणि खालच्या कोपऱ्यात चौकटीत मी असे. मागे भिंतीवर निळी चादर, पुढे पुस्तकांच्या थप्पीवर मोबाइल आणि नवरा कॅमेरामन, असा घरचाच स्टुडिओ होता. त्या दिवशी अधिकारी चष्मा सावरत म्हणाले, "काही संधिसाधू लोकांनी संधिवाताच्या गोळ्या घरात दडवून ठेवल्या आहेत."

संधिसाधूची आमची रीतसर खूण आहे, हवेतली माशी चिमटीत पकडल्यासारखी. पण माझी चिमूटच मिटेना, आणि चालू कार्यक्रमात थांबता येत नाही. तळहात तेवढे माझ्या हुकमात होते. मी खिसे भरले आणि वरून थोपटले.

सगळ्या प्रेक्षकांना अर्थ बरोबर कळला. खिसे भरणारा तो संधिसाधूच. फक्त एका प्रेक्षकाला तो जरा जास्तच कळला. अधिकाऱ्यांना शब्द आवडला असावा, ते तो पुन्हा पुन्हा वापरत राहिले आणि मीही हात आखडता घेतला नाही. मधे एकदा टक्कलही कुरवाळलं असेल. मला नीटसं आठवत नाही.

पुढचं जाऊबाईने फोनवर हसू दाबत सांगितलं. "आई जेवता जेवता थांबल्या. टीव्हीकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, परत टीव्हीकडे. हे म्हणाले, अगं आई, टीव्हीवर माझं नाव कशाला घेतील? तर आई म्हणाल्या, तेच तुला विचारतेय. आणि सरळ उठून ह्यांचं कपाट उघडलं. मोज्यांच्या खणात होत्या सगळ्या."

थोड्याच वेळात वरून दोरीला बांधलेली पिशवी खाली आली. दोरी भावजींच्याच हातात होती. "वहिनी, भीती वाटली हो मला," ते म्हणाले. "घरात आई आहे, पोरं आहेत." मला त्यांचं थोडं वाईट वाटलं. पिशवी मात्र मी आधी सोडवून घेतली.

गोळी सावकाश काम करते. माझी बोटं हळूहळू मोकळी होईपर्यंत ती खूण गावभर झाली. दुसऱ्या वाहिनीवरचा दुभाषी बिनदिक्कत खिसे भरू लागला. कर्णबधिरांच्या शाळेतली मुलं खेळात चिडून एकमेकांना तीच खूण करू लागली. भावजींनी आईकडे गाऱ्हाणं नेलं.

सासूबाईंनी मला अंगणात बोलावून घेतलं. "आता टीव्हीवर खरी खूण करत जा. पोरगा तोंड पाडून बसलाय."

"केली असती हो आई," मी म्हणाले. "पण त्या चिमटीला अंगठा आणि बोट नीट जुळावं लागतं. माझे सांधे अजून सुजलेत, सकाळी पेलाही धरवत नाही. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. मलाच किती वाईट वाटतं, काय सांगू तुम्हाला."

सासूबाई शेवटपर्यंत माझ्या हातांकडे बघत होत्या. कळलं नाही म्हणून एकदाही त्यांनी भुवई उंचावली नाही.

"खोटं बोलायला बरी वळतात गं बोटं," त्या म्हणाल्या. मग कठड्यावर नीट रेलल्या. "परत सांग बघू."