कर्नलचे दिवस

भावजय कामानिमित्त परगावी गेली आणि तिचे दोन गिनीपिग काटाबाईच्या गळ्यात पडले. काटाबाई ही तिची नणंद. घरच्याच हॉलमध्ये बायकांचे वजन उतरवण्याचे वर्ग घ्यायची. आल्याआल्या प्रत्येकीला काट्यावर उभी करायची, म्हणून बायकांनी हे नाव ठेवलेलं. तिलाही ते आवडत असे.

दुकानदाराने सख्खे भाऊ म्हणून विकलेले ते दोघे. तपकिरी तो हवालदार, पांढरा तो कर्नल. हवालदार अंगाने नीटस होता. कर्नल मात्र उशी गिळल्यासारखा दिसायचा.

"याला कुणी शिस्तच लावली नाही," काटाबाई म्हणाली. तिने कर्नलला वेगळ्या खोक्यात ठेवलं, त्याचा चारा निम्म्यावर आणला आणि आवडती ढोबळी मिरची बंद केली.

पोट काही उतरलं नाही. उलट कर्नलने उरलेल्या चाऱ्याकडेही पाठ फिरवली आणि केस पिंजारून कोपरा धरला. तेव्हा मात्र काटाबाईचं धाबं दणाणलं. टॉवेलात गुंडाळून तिने त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी पोट चाचपलं. "दिवस भरलेत," त्या म्हणाल्या.

काटाबाईने टॉवेल पुन्हा त्याच्या अंगावर ओढला. "काहीच इलाज नाही? निदान त्याला त्रास तरी होऊ देऊ नका. वहिनीला मी काय तोंड दाखवू?"

"अहो, मरायला नाही, व्यायला टेकलीय. मादी आहे ही."

"कर्नल?"

"बढती मिळाली म्हणा."

"पण ते भाऊ आहेत."

"मग भावाने दिवे लावलेत. खाणं कधीपासून सुटलंय?"

काटाबाई पदराशी चाळा करू लागली. "कमी मीच केलं होतं. पोट सुटलं म्हणून."

डॉक्टरीणबाईंचा विनोद तिथेच संपला. "गाभण गिनीपिगला उपाशी ठेवलं की शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्याचंच विष अंगात भिनतं. तुम्ही घेतलात तो अर्थही खरा होऊ शकतो अजून." मग त्यांनी कमरेखाली बोट दाबून पाहिलं. "एक बरंय. पहिलं बाळंतपण वय वाढल्यावर आलं की इथली हाडं जुळून जातात आणि पिल्लं अडकतात. हिची सुटलीयत."

त्यांनी पातळ खाणं, सिरिंज आणि सी जीवनसत्त्वाचे थेंब दिले. दर थोड्या वेळाने भरवायचं, रोज वजन करायचं. "आणि त्या हवालदाराला लांबच ठेवा. ती व्याली की लगेच तो पुन्हा हजर."

"लाज नाही मेल्याला?"

"त्यांच्यात ती पद्धत नाही."

हवालदाराची रवानगी न्हाणीघरात झाली. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या बायका आल्या, तर काटाबाई कर्नलला मांडीवर घेऊन बसलेली. "घे गं राणी. एवढंच. अजून एक घास."

"आम्हाला कधी असं म्हणाला नाहीत," जाडजूड शिंपीणबाई म्हणाल्या.

"तुम्ही गाभण राहा, मग बघू."

वर्ग चालू असतानाच कर्नल व्याली. अंगभर केस, उघडे डोळे, तोंडात दात, अशी दोन पिल्लं लगेच तुरुतुरु चालू लागली. तिसरं हललंच नाही. काटाबाईने ते रुमालात घेतलं आणि बराच वेळ हातातच धरून ठेवलं.

कर्नल डोळे मिटून पडली होती. सिरिंज पुढे केली की तोंड फिरवायची. संध्याकाळी तिने मान लांबवली, गवताची एक काडी ओढली आणि चावत बसली. मग दुसरी. तेव्हा कुठे काटाबाईने फोन लावला.

"वहिनी, कर्नल बाई निघाली. दोन पिल्लं आहेत. तिसरं गेलं. मी तिचं खाणं तोडलं होतं, बहुतेक त्यानेच."



"वन्सं, आता खातेय का?"

"खातेय. मागेल ते देतेय."

"मी येईपर्यंत तसंच द्या. आणि तुमच्या त्या काट्यावर चढवू नका तिला."

"रोज वजन करायला सांगितलंय डॉक्टरीणबाईंनी."

"मग करा. पण आकडा बघून तोंडातून अवाक्षर काढू नका."