रेकॉर्डिंग लावलं की बस अडखळते

नंदकुमार परबांनी एकतीस वर्षं मुंबईच्या रस्त्यांवर बस चालवली, पण कधी कुणाच्या गाडीला साधा ओरखडा काढला नाही. आणि आज सकाळपासून त्यांनी चार वेळा बस दरीत घातली होती.

दरी कॉम्प्युटरमधली होती, पण राग खराखुरा होता. निवृत्तीनंतर बाबांचा वेळ जावा म्हणून मानसीनं, त्यांच्या मुलीनं, टेबलाला लावायचं स्टिअरिंग आणि बस चालवायचा गेम आणून दिला होता. कुणा हौशी माणसानं त्यात कोकणातल्या त्यांच्या गावच्या वाटेवरचा जुना कशेडी घाट वळणावळणासकट तयार करून घातला होता. घाटकोपरच्या दोन खोल्यांत बसून नंदकुमार तो रोज चढायचे, उतरायचे. गाडी लोण्यासारखी पळायची.

त्यांचे थोरले भाऊ धाकू मालाडला राहायचे. खुब्याचं हाड मोडल्यानं ते तीन महिने अंथरुणावर होते. यंदा गणपतीला गाव चुकणार, म्हणून फोनवर सारखे हळहळत होते. नंदकुमारांच्या मनात आलं, दादाला घाटाचा व्हिडिओ पाठवू. मानसीनं रेकॉर्डिंगचं बटण दाखवलं आणि तिथून सगळी वाट लागली. बटण दाबलं की बस अडखळायची. स्टिअरिंग आत्ता फिरवावं, तर बस दोन क्षणांनी वळायची. तोवर कठडा संपलेला.

"हे मशीन चांगलं नाही," ते पाचव्यांदा म्हणाले. "रेकॉर्डिंग बंद केलं की बरोबर चालतं. मी शिकाऊ आहे का?"

"तुमची चूक नाही हो बाबा." मानसी ऑफिसचं काम बाजूला सारून उठली. "कॉम्प्युटरला आधी घाट दाखवायचा असतो, सेकंदाला साठ चित्रं. आता त्यातलं प्रत्येक चित्र आवळून लहान करायचं आणि डिस्कवर लिहायचंही काम तुम्ही त्यालाच दिलंय."

"म्हणजे ड्रायव्हरनं गाडी चालवता चालवता तिकिटंही फाडायची."

"तेच."

"मग कंडक्टर दे ना त्याला."

मानसीनं सेटिंग उघडली. चित्रं आवळायचं काम मुख्य प्रोसेसरवर होतं, ते तिनं ग्राफिक्स कार्डाकडे दिलं. त्यात त्या कामासाठी वेगळा भाग असतो, म्हणाली. बस सुरळीत पळाली. नंदकुमार पोटभर समाधानानं घाट उतरले आणि व्हिडिओ लावून बघतात तर त्यात बस बेडकासारखी उड्या मारत होती.

"आता काय?" त्यांनी कपाळाला हात लावला.

"गेम आणि व्हिडिओ एकाच जुन्या डिस्कवर आहेत. ती भरलीय पण." तिनं व्हिडिओ दुसऱ्या डिस्कवर वळवला, चित्राचा आकार कमी केला, साठची तीस चित्रं केली, मागे उघडी ठेवलेली ब्राउझरची सतरा पानं मिटली.

"ती माझी होती," नंदकुमार म्हणाले. "भजनं लावलेली."

"ठाऊक आहे मला."

सहाव्या खेपेला दुपारचे दोन वाजले. जेवण थंड झालं होतं, मान आखडली होती, आणि दोघंही एकमेकांशी नीट बोलत नव्हती. पण व्हिडिओ जमला. क्वचित एखाद्या वळणावर धक्का बसत होता, तेवढा चालणार होता. त्यांनी तो वहिनींच्या, म्हणजे कुंदाताईंच्या फोनवर धाडला.

अर्ध्या तासानं धाकूंचाच फोन आला. नंदकुमारांना वाटलं, दादा आता कौतुक करणार.

"रे नंद्या," धाकू म्हणाले, "इतक्या सावकाश कित्याक चालवतस? मागसून टेम्पो येता तो दिसूक नाय तुका? आणि वळणावर हॉर्न खंय वाजवलंस?"

"दादा, सकाळपासून..." नंदकुमारांनी सांगायला सुरुवात केली आणि सोडून दिली. पलीकडे कुंदाताई हसत होत्या. "तीनदा बघितला त्यांनी," त्या मागून म्हणाल्या. "उठून बसलेत उशीला टेकून. दुपारचं औषध न सांगता घेतलं."

"आता येतानाचो पण धाड," धाकू म्हणाले. "आणि हॉर्न वाजव."

नंदकुमारांनी फोन ठेवला, मोठा सुस्कारा सोडला आणि खुर्ची टेबलापाशी ओढली. "मानसी," ते वैतागून म्हणाले, "ह्यात हॉर्न कुठल्या बटणावर असतो?"