आत्याच्या हातावर दही

“आत्याला दही कोण देणार?”

हा प्रश्न घरी, जेवताना, सगळ्यांसमोर विचारून दाखव, असं माझ्या वर्गातल्या शलाका आणि फरहीन म्हणाल्या. नाही विचारलास तर तू भित्री भागूबाई. वक्तृत्वाची ढाल मिळाल्यापासून मी कुणाला भीत नाही. विचारला.

आईच्या हातातला डाव आमटीत बुडाला. बाबा म्हणाले, “स्वरांगी, गप जेव.”

आम्ही आत्याच्या करंगळीला पाठ टेकून जेवत होतो.

कुंदाआत्या ही बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, तालुक्यातल्या पोरींना खो-खो शिकवला, आणि आता तिच्या हाडांत कॅन्सर पसरलाय. आमच्यात बाहेर निघणाऱ्याच्या उजव्या हातावर घरच्या माणसानं दही-साखर घालायची पद्धत आहे. परीक्षा असो, प्रवास असो. दह्याशिवाय निघालं तर आमचं दार उघडत नाही. कडी निघते, दार हलत नाही. मला आई रोज शाळेला जाताना घालते.

दसऱ्याला सकाळी आत्यानं कॉटवरूनच हात पुढे केला. “वृंदा,” ती आईला म्हणाली, “लई झालं बाई. घाल दही. निघते मी.”

आईनं घातलं नाही. तेव्हापासून तो हात मिटला नाही आणि वाढायचा थांबला नाही.

आधी परातीएवढा झाला, मग कॉटएवढा. दिवाळीत आम्ही सोफा शेजारच्यांकडे ठेवला. आता आत्या आतल्या खोलीत आहे तेवढीच आहे, उलट बारीकच झालीय, पण तिचा हात दारातून बाहेर येऊन सगळ्या हॉलभर पसरलाय. मी अंगठ्याखालच्या उंचवट्यावर बसून भूमिती सोडवते. तिथे छान ऊब असते. कळ आली की तळव्यावरच्या रेषा उकलत जातात, आणि आतून आत्या ओरडते. तेव्हा मी पेन्सिल बाजूला ठेवते.

बाबांनी हातावर अंगारा ठेवून पाहिला, पेढा ठेवला, गोळ्या ठेवल्या. सगळं घरंगळून खाली आलं. डॉक्टर मगदूम चपला काढून मनगटापर्यंत चालत गेले, नाडी बघून परत आले.

“नखं मस्त गुलाबी आहेत,” ते म्हणाले. “वर्षभर सहज निघेल.”

“आणि दुखणं?” मी विचारलं.

“तेही,” ते म्हणाले आणि चहा प्यायले.

ते गेल्यावर आई बाबांना म्हणाली, “तुम्ही द्या.”

“मी? सख्ख्या बहिणीला? माझ्या हातून नाही व्हायचं.”

“मग माझ्या हातून होईल होय? जन्मभर ऐकून घेऊ? भावजयीनं नणंदेला वाटेला लावलं म्हणून?”

मग बाबांनी चूक केली. दही नको, पण तिचा मान राहावा, म्हणून त्यांनी तळव्यावर ताक ओतलं. भरपूर पाणी घातलेलं.

आत्या निम्मी गेली. आवाज गेला. चव गेली. तिच्या डोळ्यांतून मी गेले, म्हणजे ती माझ्याकडे बघायची आणि मी तिथे नसायचे. दुखणं तेवढं राहिलं.

“बघ, शांत झाली,” बाबा म्हणाले.

रेषा उकलतच होत्या. फक्त आता आवाज येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी बोटं बाहेरच्या दाराला टेकली. तळवा ओट्यापर्यंत आला. आईला भाकरी थापायला जागा उरली नाही. माझी शाळा बंद झाली, कारण आईनं मला दही घातलं तरी दार उघडायला फटच नव्हती. आम्ही तिघं फ्रिजला चिकटून उभे राहायला लागलो. शलाकाचा फोन आला.

“विचारलंस?”

“विचारलं.”

“मग?”

“गप जेव म्हणाले.”

“मग तूच दे की,” ती म्हणाली. खोडरबर दे म्हणावं तसं.

त्या संध्याकाळी करंगळी वाकली. थोडीशीच.

“बघा!” आई म्हणाली. “मिटतोय हात. राहायचंय त्यांना.”

“बोलावतेय ती,” मी म्हणाले.

“कशावरून?” बाबांनी विचारलं.

आम्ही करंगळीकडे बघत राहिलो. आत्यालाच विचारायला हवं होतं, पण तिचा आवाज ताकानं नेला होता. सांगितलं होतं तिनंच, दसऱ्याला, स्वच्छ शब्दांत. तेव्हा आम्ही ऐकलं होतं, दिलं नव्हतं.

एवढ्यात तळव्यावरची मोठी रेष मधोमध फाटली. त्यातून रक्त आलं नाही. वारा आला, गरम, आजारी माणसाच्या श्वासासारखा.

मी फ्रिजमधून वाटी काढली. साखर जास्त घातली, आत्याला गोड लागतं. अनवाणी पायांनी हातावर चढले. तळव्याच्या खळग्याकडे जाताना पायाखाली तिची नाडी लागत होती, जोरात. मागून आई ओरडली, “अगं, उतर खाली! तू लहान आहेस!” बाबांनी डोळे मिटून घेतले होते.

खळग्यात पोचले तेव्हा माझ्याभोवती पाचही बोटं सावकाश वर उठायला लागली. ती घ्यायला उठत होती की अडवायला, ते मधे उभं राहून कळत नव्हतं. उजेड कमी होत गेला. बोटांच्या फटीतून आई-बाबा अजून दिसत होते, तेवढ्यात मी स्पर्धेत लावते तसा आवाज लावला.

“आई, बाबा, माझं ठरलंय. दही मी देणार.”